नोव्हेंबरात घड्याळ मागे नेताना या चुका टाळा

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चमध्ये तासभर पुढे नेलेली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला पुन्हा तासभर मागे जातात. फोन आपोआप बदलतो. हाल होतात ते भिंतीवरच्या टोल्यांच्या घड्याळाचे आणि चावीच्या मनगटी घड्याळाचे.

टोल्यांच्या घड्याळाचा मोठा काटा उलटा फिरवू नका. न्यू जर्सीत आल्यावर पहिल्याच वर्षी मी तो फिरवला. आजोबांचं घड्याळ साड्यांत गुंडाळून आणलं होतं. सव्वाआठचे सव्वासात केले आणि पाऊण तासाने, आठ वाजता, नऊ टोले पडले! अशा जुन्या घड्याळांत टोल्यांचं चाक क्रमाने पुढेच सरकतं. आठचे टोले एकदा देऊन झाले की पुढच्या खेपेला ते नऊच देणार. काही घड्याळांत टोल्याची कळ अडकून मोडते, ते आणखी वाईट. लंबक हाताने थांबवा आणि बरोबर तासाभराने पुन्हा झुलवा, एवढंच करायचं आहे. गल्लत झालीच असेल तर टोले मोजा, एकटा तासकाटा हलक्या हाताने तेवढ्या आकड्यावर न्या आणि मग मोठा काटा पुढे फिरवत वेळ लावा. वाटेत अर्ध्या तासाचे, तासाचे टोले पुरे पडू द्या. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे नेतानाही असंच थांबत थांबत जा.

तारीख दाखवणारं चावीचं घड्याळ बरेच जण शनिवारी रात्री झोपण्यापूर्वी लावतात. नेमकी तीच वेळ चुकीची. साधारण रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलणारी चाकं एकमेकांत गुंतलेली असतात. तेव्हा काटे मागे नेले किंवा तारीख घाईने बदलली, तर दाते तुटू शकतात. रविवारी सकाळी चहा झाल्यावर हे काम करा. चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबत असेल, तर तासभर तशीच ओढून ठेवा.

सेलवरच्या घड्याळात तास बदलला म्हणजे वेळ बरोबर झाली, असं धरू नका. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५ सेकंदांपर्यंत इकडेतिकडे जातं. मार्च ते नोव्हेंबर आठ महिन्यांत दोन मिनिटं सहज. तास बदलताना फोन शेजारी ठेवून मिनिटं-सेकंदही जुळवा. मायक्रोवेव्हवरची वेळ बघून लावू नका, तीही कुणीतरी हातानेच लावलेली असते.

रेडिओवर चालणारं घड्याळ कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या केंद्रातून येणारा वेळेचा संदेश रात्री पकडतं आणि आपोआप जुळतं. ते कोलोरॅडोच्या दिशेच्या खिडकीशी (न्यू जर्सीत पश्चिमेच्या) ठेवा, बाकी हात लावू नका.

आणि स्वयंपाकघरातलं भारताच्या वेळेचं घड्याळ? त्याला अजिबात हात लावायचा नाही. आमच्याकडे ते एकदा या गडबडीत मागे गेलं होतं. बदलतं ते फक्त न्यू जर्सी आणि भारताच्या वेळेतलं अंतर: उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. आपण इथून सकाळी साडेआठला फोन लावतो, तो पुण्यात आईला एरवी संध्याकाळी सहाला जातो. नोव्हेंबरपासून सातला जाईल. तिला आदल्या आठवड्यातच सांगून ठेवा, नाहीतर ती तासभर फोनजवळ बसून राहते.