पहिलं घर घेताय? कर्जावर टॅक्स किती वाचतो ते आधी कागदावर मांडा

पहिलं घर घ्यायचं म्हटलं की बँकेतला माणूस काय, बिल्डरच्या ऑफिसातला काय, सगळे एकच सांगतात, कर्ज काढा, टॅक्स वाचतो. पूर्वी वाचायचा. आता बहुतेक नोकरदारांचा वाचत नाही, आणि माझ्या मावसबहिणीने याच भरवशावर बजेट वाढवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

इन्कम टॅक्स मोजायच्या दोन पद्धती म्हणजे रिजीम आहेत, जुनी आणि नवीन, त्यातली एक निवडायची. जुन्या रिजीममध्ये वजावट (म्हणजे उत्पन्नातल्या तेवढ्या रकमेवर टॅक्स नाही) मिळते ती अशी, आयकर कायद्याच्या ८०सी कलमाखाली कर्जाचं फेडलेलं मुद्दल आणि त्या वर्षी भरलेली स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, पण पीएफ, एलआयसी धरून सगळं मिळून दीड लाखच, आणि पीएफमध्ये त्यातलं बरंचसं आधीच संपलेलं असतं. २४बी खाली राहत्या घराच्या व्याजाचे २ लाख. नवीन रिजीममध्ये राहत्या घरासाठी यातलं काहीच नाही. पण तिथले स्लॅब (उत्पन्नाचे टप्पे आणि त्यांचे टॅक्सचे दर) इतके सैल आहेत की गणितच फिरतं.

उदाहरण घ्या, पगार १४ लाख, आर्थिक वर्ष २०२५-२६. जुन्या रिजीममध्ये ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना सरसकट मिळणारी वजावट), दीड लाख ८०सी, २ लाख व्याज, सगळं पुरेपूर वजा केलं की उरले १० लाख, त्यावर टॅक्स सेससकट १,१७,००० रुपये. नवीन रिजीममध्ये फक्त ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन वजा करून १३.२५ लाखांवर टॅक्स ८१,९००. म्हणजे कर्जाचे सगळे फायदे घेऊनही जुनी रिजीम ३५ हजारांनी महाग. या पगाराला जुनी परवडायला स्टँडर्ड डिडक्शन सोडून साधारण ५ लाख २० हजारांची वजावट लागते. आणि पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर नवीन रिजीममध्ये टॅक्स शून्यच, मग वाचवायचं काय?

जुनी कोणाला जमू शकते? घर नाशिकला आणि नोकरीसाठी पुण्यात भाड्याने राहताय, तर एचआरए (घरभाडे भत्त्याची सूट) आणि व्याज दोन्ही मिळतं, तिथे आकडे मांडून बघाच. दुसरे म्हणजे ज्यांचं कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ मध्ये मंजूर झालं, घराची स्टॅम्प ड्युटी व्हॅल्यू ४५ लाखांपर्यंत होती आणि मंजुरीच्या दिवशी नावावर दुसरं घर नव्हतं, त्यांना ८०ईईए खाली २ लाखांच्या वरच्या व्याजाचे आणखी दीड लाख मिळतात, कर्ज चालू असेपर्यंत. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठीची ही खास वजावट होती, आणि आता नवीन कर्जाला ती नाही, कोणी देतो म्हणालं तर कर्ज मंजुरीची तारीख दाखवा.

मग सरकारकडून खरंच काय मिळतं? घरातलं वर्षाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल तर पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मधली व्याज सबसिडी, हिच्या मागे जीव तोडून लागा. अटी अशा, कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको (कुटुंब म्हणजे नवरा, बायको, लग्न न झालेली मुलं), घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंत, कार्पेट एरिया (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) १२० चौरस मीटरच्या आत, आणि कर्ज १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतर मंजूर होऊन मिळालेलं. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १.८० लाख, पण एकदम नाही, पाच वर्षं हप्त्याहप्त्याने कर्जखात्यात येते. म्हणून घाई करून कर्ज लवकर फेडू नका, हप्ता येताना खातं चालू आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी लागतं. कर्जाच्या अर्जाच्या वेळीच बँकेला सांगा की योजनेत टाका, सगळ्यांची आधार कार्डं आणि उत्पन्नाचा पुरावा तयार ठेवा. या गटात इन्कम टॅक्स तसाही शून्य असतो, म्हणून सबसिडी हाच खरा फायदा.

दुसरी बचत स्टॅम्प ड्युटीत. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, ५० लाखांच्या फ्लॅटवर ५० हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सूट जाते. पूर्वी लोक म्हणायचे दोघांचं नाव घाला, दोघांनाही टॅक्समध्ये वजावट मिळेल, पण वरचं गणित बघितलं तर नवीन रिजीममध्ये त्या वजावटीला काही अर्थच नाही, ते ५० हजार मात्र लगेच हातात आहेत. आणि बाईच्या नावावर घर असणं मला तरी पैशांच्या पलीकडेही मोलाचं वाटतं.

जुनी रिजीमच फायद्याची निघाली तर बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट, इंडेक्स टू (घराच्या रजिस्ट्रेशनचा उतारा) आणि ताब्याचं पत्र एका फाइलमध्ये ठेवा. ताब्याआधीच्या वर्षांचं व्याज नंतर पाच समान भागांत मिळतं, पण त्याच २ लाखांच्या आत, आणि कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षानंतर पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही तर मर्यादा ३० हजारांवर येते. ताबा मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं तर ८०सीत मुद्दलापोटी घेतलेली वजावट परत उत्पन्नात धरतात. रिटर्न मुदतीच्या आत भरा, उशीर झाला की जुनी रिजीम निवडताच येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा २०२६-२७ पासूनच्या उत्पन्नाच्या फॉर्ममध्ये ८०सी दिसलं नाही तर घाबरू नका.