रिपीटरची फ्रिक्वेन्सी ठरवताना या चुका टाळा

हौशी (हॅम) रेडिओचा रिपीटर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं लगेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुढं पाठवणारा उंचावरचा सेट, लावायचा म्हटलं की सगळी चर्चा अँटेना आणि डुप्लेक्सरवरच (एकाच अँटेनावर ऐकणं आणि पाठवणं वेगळं ठेवणारा फिल्टर) होते, फ्रिक्वेन्सी काय शेवटी ठरवू म्हणतात, आणि घोळ तिथंच होतो. बेळगावच्या उत्तरेला कोल्हापूर, पश्चिमेला घाट उतरला की गोवा, आणि येळ्ळूरच्या राजहंसगडासारख्या उंचीवरनं निघालेला सिग्नल सगळीकडं जातोय. त्यामुळं फक्त कर्नाटकातली रिपीटरांची यादी बघून पेअर (ऐकायची आणि पाठवायची फ्रिक्वेन्सी अशी जोडी) निवडू नका, कोल्हापूर-सांगली आणि गोव्याच्या हॅम लोकांनाही आधी विचारा. लायसन्स डब्ल्यूपीसीकडनं (केंद्राच्या दूरसंचार खात्याचा वायरलेस विभाग) मिळतं हे खरं, पण शेजाऱ्याच्या रिपीटरशी जुळवून घ्यायचं काम आपलं आपणच करायचं असतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोन-चार दिवस आउटपुट (रिपीटर ज्यावर पाठवतो ती फ्रिक्वेन्सी) ऐकायचं आणि फ्रिक्वेन्सी मोकळी आहे म्हणायचं. अहो, तुमचा रिपीटर ऐकणार आहे इनपुट! समजा आउटपुट १४५.६५० आणि इनपुट १४५.०५० मेगाहर्ट्झ ठेवायचंय, तर १४५.०५० वर डोंगरावर बसून ऐका, घरच्या गच्चीवरनं नाही. सकाळी ऐका, रात्री ऐका, जमलं तर थंडीत आणि पावसाळ्याआधीच्या उकाड्यातही ऐका, कारण हवेचे थर बदलले की एरवी न येणारी लांबची स्टेशनंसुद्धा येतात.

दुसरं, अंतराचा अंदाज हँडहेल्डवरनं (हातातला छोटा सेट) काढू नका. रेडिओ क्षितिजाचा (सिग्नल सरळ जिथवर पोचतो त्या अंतराचा) साधा हिशोब आहे, उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ गुणिले ४.१२, म्हणजे किलोमीटर. आजूबाजूच्या सपाटीपेक्षा २०० मीटर वर असलेली अँटेना साधारण ५८ किलोमीटर बघते. पण समोरची अँटेनाही तेवढ्याच उंच टेकडीवर असली तर दोन्हींची बेरीज होते, ११६! वाटेत मोठा डोंगर आडवा नसला तर बेळगाव आणि कोल्हापूरकडच्या उंचावरचे रिपीटर एकमेकांना सहज दिसू शकतात.

आता यात उलटा शिफ्ट (आउटपुट आणि इनपुटमधलं अंतर) घातला की काय होतंय बघा. शेजारचा १४५.६५० वर बोलतो आणि १४५.०५० वर ऐकतो, आणि तुम्ही वेगळेपणा म्हणून बरोबर उलटं केलंत. मग त्याचं आउटपुट थेट तुमच्या इनपुटात, तुमचं त्याच्या इनपुटात, दोन्ही कॅरियर ऑपरेटेड (कुठलाही सिग्नल आला की उघडणारे, म्हणजे पाठवायला लागणारे) असले तर एकमेकांना उघडं धरून बसणार आणि टाइमआउट टायमर (ठराविक वेळानं ट्रान्समिशन आपोआप तोडणारा) लागेपर्यंत कुणालाच बोलता येणार नाही. म्हणून दोन मीटर बँडवर ६०० किलोहर्ट्झचा शिफ्ट भागातले बाकीचे ज्या दिशेला ठेवतात त्याच दिशेला ठेवा. आपला बँड १४४ ते १४६ आहे हेही विसरू नका, १४४.३०० आउटपुट घेऊन मायनस शिफ्ट दिला की इनपुट १४३.७०० वर, बँडच्या बाहेर, आणि चायनीज सेट ते मुकाट्यानं ट्रान्समिट करतो.

दिशा सारखी असली आणि पेअरही तीच असली तर त्रास मधल्या लोकांना होतो, म्हणजे निपाणी-संकेश्वरकडच्यांना. एकदा पीटीटी (सेटचं बोलायचं बटण) दाबलं की दोन्ही रिपीटर उघडतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराच्या पाण्यानं पुणे-बंगळूर हायवे कोल्हापूरजवळ बंद पडला होता, तशा वेळी ह्याच पट्ट्यातला माणूस स्पष्ट ऐकू यायला पाहिजे, म्हणून ह्या गोष्टीवर मी एवढा जोर देतोय.

मग सीटीसीएसएस टोन (आवाजाबरोबर जाणारा हलका सूर, तो आला तरच रिपीटर उघडतो) लावा की, असं लगेच कोणीतरी म्हणतं. लावाच, शेजाऱ्यापेक्षा वेगळा लावा, एकाचा ८८.५ तर दुसऱ्याचा १२३.० हर्ट्झ. पण टोननं दुसऱ्याचा सिग्नल नाहीसा होत नाही, फक्त तुमचा रिपीटर त्याच्यासाठी उघडत नाही. दोघे एकदम बोलले तर एफएममध्ये जोरदार सिग्नल जिंकतो, बरोबरीचे असले तर नुसती गुरगुर.

सगळं नीट केलं आणि तरी रिपीटर आपोआप उघडतोय? आधी ट्रान्समीटर बंद करून रिसीव्हर ऐका. लांबचे कमजोर सिग्नल एकदम साफ आले तर दोष बाहेरचा नाही, डुप्लेक्सर नीट ट्यून झालेला नाही किंवा केबल-कनेक्टर गळतोय. तरीही आवाज येत असेल तर साइटपासून थोडं लांब जाऊन हँडहेल्डवर इनपुट ऐका, तिथंही तेच आलं तर खरंच कोणीतरी त्या फ्रिक्वेन्सीवर आहे. फक्त टॉवरवरच येत असेल तर इंटरमॉड्युलेशनचा (दोन सिग्नल मिसळून तिसराच तयार होण्याचा) संशय धरा. १४५.६५० आणि १४५.७०० एकाच टॉवरवर असले तर १४५.६०० आणि १४५.७५० वर भुतं उभी राहतात (पहिल्याची दुप्पट वजा दुसरा, आणि उलट). भूत कुठं तयार होतंय ते बघायला रिसीव्हरसमोर ३ डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) घाला. खरा सिग्नल ३ डीबीच उतरेल, रिसीव्हरच्या आत तयार झालेलं तिसऱ्या ऑर्डरचं (वरच्या हिशोबातलं) भूत मात्र ९ डीबी उतरेल. ते पण ३ डीबीच उतरलं तर ते बाहेर तयार होतंय, ट्रान्समीटरात किंवा टॉवरच्या गंजलेल्या बोल्ट-क्लॅम्पात, आणि आपल्याकडचा पाऊस बघता क्लॅम्प आधी तपासा.