बूथमध्ये बसायचं कसं: सुतळी, टॉवेल आणि चार स्क्रू

दिवसा मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं कॉम्प्युटरवर काढतो आणि संध्याकाळी हौशी नाटकांचे लाइट ऑपरेट करतो. दोन्हीकडं स्क्रीनच. पण कारखान्यात आठ तास बसून मान कधी धरली नाही, आणि बूथमध्ये, म्हणजे प्रेक्षागृहाच्या मागं लाइटवाल्याच्या काचेच्या खोलीत, दोन अंकांत धरायची. बरीच वर्षं मी ते वयावर घातलं.

मग एका परगावच्या नाट्यगृहात स्पर्धेचा प्रयोग लागला. बूथमध्ये टेबलावर चोवीस इंची मॉनिटर आयता मांडलेला, उंच स्टँडसकट. मी खूश. दुसऱ्या अंकात नायिका डाव्या विंगेतून येऊन रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेवर बसते. तो क्यू, म्हणजे दिवा बदलायची खूण, संवादावर नव्हता, ती टेकली की स्पॉट द्यायचा होता. मला मॉनिटरच्या वरून तिचे फक्त केस दिसले, आणि ती खाली बसली तसे तेही गेले. अर्धा उठून बघेपर्यंत स्पॉट लेट. पुढचा सगळा अंक मी खुर्चीत टेकलोच नाही. दिग्दर्शक नंतर काही बोलला नाही, पण चहालाही बोलावलं नाही.

ऑफिसात स्क्रीन बघायची असते, म्हणून ती नजरेसमोर ठेवतात. वरची कड डोळ्यांच्या रेषेत, असं जे सांगतात ते तिथं बरोबर आहे. बूथमध्ये बघायचा असतो रंगमंच. स्क्रीनकडं आपण फक्त डोकावतो. म्हणून टेबलापासून मांडायला सुरुवात करायची नाही. आधी खुर्ची, तिच्यावर बसल्यावर डोळा कुठं येतो ते, आणि मग बाकीचं सामान.

खुर्चीचं पटकन सांगतो. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघे साधारण काटकोनात, आणि हात कन्सोलवर, म्हणजे लाइट चालवायच्या पॅनेलवर, ठेवला की कोपर कन्सोलच्याच उंचीला. खांदे वर चढत असतील तर टेबल उंच आहे. बहुतेक बूथमध्ये मिळते ती प्लास्टिकची खुर्ची. तिच्यात कमरेच्या जागी पोकळी राहते, आणि त्यावर उपाय आपल्या गावात घरोघरी आहे. टॉवेलची घट्ट गुंडाळी करायची, दोन्ही टोकांना सुतळी बांधायची आणि पट्ट्याच्या जरा वर, कमरेच्या खोलगट भागात लावायची. चादर नको, फार जाड होते आणि माणूस पुढं ढकलला जातो. चादरीची घडी बसायला घ्या. विकतची खुर्ची घेणार असाल तर पाठ जाळीची घ्या. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिसाच्या वर असतो, प्रेक्षागृहाचा एसी बूथपर्यंत पोचत नाही आणि शेजारी डिमरचा, म्हणजे दिवे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रांचा, रॅक तापलेला असतो. रेक्झिनवर दोन अंक बसून बघा म्हणजे कळेल.

आता सुतळी. याला दोन माणसं लागतात. तुम्ही खुर्चीत नेहमीसारखे बसा, ताठ बसून फसवू नका. सुतळीचं एक टोक डोळ्याच्या कडेला धरा. दुसरं टोक मदतनीस बूथच्या काचेवर धरेल. तुम्हाला रंगमंचाची पुढची कड काचेत जिथं दिसते, तिथं त्याचं बोट आलं पाहिजे. सुतळी ताणा. तिच्या वर काहीही येता कामा नये. ना मॉनिटर, ना दिव्याची मान, ना पाण्याची बाटली. डाव्या आणि उजव्या विंगेसाठी पुन्हा एकेकदा करा. कोपऱ्यातला अडथळा मधल्या सुतळीला सापडत नाही. माझी चूक तिथलीच होती.

आकड्यात बघू. समजा तुमचा डोळा रंगमंचापेक्षा ४ मीटर उंच आहे आणि रंगमंचाची कड २० मीटर लांब. म्हणजे नजर दर मीटरला २० सेंटीमीटर खाली उतरते. स्क्रीन हातभर अंतरावर, ७० सेंटीमीटरवर ठेवली तर तिथं नजर १४ सेंटीमीटर उतरलेली असते. बसल्यावर डोळा फरशीपासून ११८ सेंटीमीटरवर असेल तर तिथं सुतळीची उंची १०४. टेबल ७२ चं. उरले ३२. चोवीस इंची मॉनिटरचा नुसता चेहराच चौकटीसकट जवळजवळ तेवढा असतो, स्टँड धरला तर चाळिशी ओलांडतो.

म्हणून स्टँड काढायचा. मॉनिटरच्या पाठीमागं बहुधा चार स्क्रूची भोकं असतात, चौकोनात, १०० मिलीमीटर अंतरावर. तिथं प्लायचा तुकडा आवळायचा, खाली पाचरीसारखे दोन पाय द्यायचे आणि मॉनिटर टेबलाला टेकवून १५-२० अंश मागं कलता ठेवायचा. कलला की उंची एक-दोन सेंटीमीटर कमी भरते आणि स्क्रीन सरळ तुमच्या डोळ्याकडं बघते. पण वरची कड काचेकडं सरकते आणि तिथं सुतळी आणखी उतरलेली असते, म्हणून कलवल्यावर सुतळी पुन्हा ताणून बघा. तरीही अडत असेल तर एकवीस इंची घ्या. मोठ्या स्क्रीनचा मोह कारखान्यात ठीक आहे.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा आमच्या ग्रुपमधला पोरगा म्हणाला, "काका, एवढ्या खाली? मान मोडंल की तुमची." मान मोडत नाही, कारण खाली जाते ती नजर, डोकं जवळजवळ जागेवर राहतं. डोळ्यांना किंचित खाली बघणं सोपंच असतं. मान धरते ती तिरकं बघून. लाइट आणि साउंड एकटाच सांभाळत असाल तर दोन स्क्रीन होतात, आणि लोक दोन्ही सारख्या बाजूला ठेवून मध्ये रिकामी जागा सोडतात. तसं नको. जास्त बघायची ती बरोबर समोर, दुसरी तिला चिकटून, आतल्या बाजूला वळवलेली. लॅपटॉप असेल तर त्याची स्क्रीन आधीच बुटकी असते, बूथला तो गुणच. फक्त 'गो'साठी, म्हणजे पुढचा क्यू सोडायच्या बटणासाठी, वेगळा छोटा नंबरांचा कीबोर्ड लावा आणि तो हाताखाली ठेवा. कोपराखाली नको. का ते विचारू नका.

उंची मिळावी म्हणून खुर्चीच फळीवर चढवणारेही आहेत. त्याने नजर सुटते खरी, पण पाय लोंबतात आणि कन्सोल खाली राहून पाठ वाकते. चढवायचंच असेल तर पाय टेकायला पाट द्या आणि कन्सोलही तेवढाच उचला.

चाळिशी उलटलेल्यांसाठी एक. दोन नंबरांच्या किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं बघायचा भाग खाली असतो. स्क्रीन उंच असली की हनुवटी वर करून बघावं लागतं, आणि मानेचं दुखणं तिथून सुरू होतं. स्क्रीन खाली आणली की निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी डोळा ते स्क्रीन अंतर टेपनं मोजा आणि तो आकडा चष्म्याच्या दुकानात सांगा. नुसतं 'कॉम्प्युटरसाठी' म्हणू नका.

आणि उजेड. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या स्क्रीनकडं एकदा टक लावून बघितलं की ती कमाई गेली. ब्लॅकआऊटमध्ये नट जागेवर पोचला की नाही हे त्या कमाईवरच दिसतं. सॉफ्टवेअरचा रंग काळा करा, ब्राइटनेस तळाला न्या. तरी भगभगत असेल तर न्यूट्रल डेन्सिटीचा, म्हणजे रंग न बदलता नुसता उजेड कमी करणारा, जिलेटिन पेपर स्क्रीनवर लावा. ०.६ चा चौथा हिस्साच उजेड पलीकडं सोडतो. संहितेवर लाल दिवा वापरणार असाल तर क्यू लाल पेननं लिहू नका, लाल उजेडात लाल अक्षर कागदातच विरघळतं. निळ्या दिव्यात निळ्याचं तसंच. पेन्सिल कुठंही दिसते.

काचेत स्क्रीनचं प्रतिबिंब पडतं, नेमकं रंगमंचावर. स्क्रीनच्या वर आणि बाजूंना काळ्या पुठ्ठ्याची झापड लावा. मी जेकार्डचे जुने पुठ्ठे (भोकं पाडून मागाला नक्षी सांगायचे ते) काळे रंगवून वापरतो. कोरे घ्यायचे, पंच केलेले घेतले तर भोकांतून उजेडाची रांगोळी पडते, तीही करून झाली आहे. कलत्या स्क्रीनमध्ये छताचा दिवा चमकतो, तो प्रयोगाआधी बंद करा. पाठीमागच्या दाराला चाटी गल्लीतून आणलेला जाड काळा कापडाचा पडदा लावला आहे, नाहीतर कुणी चहा घेऊन आत आलं की पॅसेजची ट्यूब काचेत उजळते.

हे सगळं तिसऱ्या घंटेच्या आधी पाऊण तास हातात असेल तर होतं. वीस मिनिटंच असतील तर फक्त स्टँड काढा आणि सुतळी तीनदा ताणा. टॉवेल पिशवीत असतोच.