इब्न सीना वाचताना सत्त्व आणि अस्तित्व यांतील भेद कसा धरून ठेवावा

मध्ययुगीन इस्लामी जगातील तत्त्वज्ञ इब्न सीना (९८०–१०३७) याच्या ‘किताब अल-शिफा’ या अरबी ग्रंथातील ‘इलाहियात’ हा तत्त्वमीमांसेचा भाग हाती घेणाऱ्या मराठी वाचकाने सर्वप्रथम आपल्या ‘आहे’ या क्रियापदावर लक्ष ठेवावे. ‘हा घोडा आहे’ आणि ‘तबेल्यात घोडा आहे’ या दोन्ही वाक्यांत शब्द एकच असला, तरी पहिल्यात वस्तू काय आहे ते कळते, दुसऱ्यात ती आहे एवढेच. अरबीत पहिल्या प्रकारच्या वाक्याला क्रियापद लागत नाही. दुसऱ्या अर्थासाठी तत्त्वज्ञांनी ‘सापडणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला ‘वुजूद’ हा शब्द घेतला, तर ‘ती काय?’ या अर्थाच्या ‘मा हिया’वरून ‘माहिय्या’, म्हणजे सत्त्व, हा शब्द घडला. म्हणून प्रत्येक ‘आहे’पाशी थांबून तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, ते समासात लिहीत जावे.

मग त्रिकोणाची कसोटी लावावी. रेषा आणि पृष्ठ यांनी त्रिकोण होतो हे समजल्यावरही तो प्रत्यक्षात आहे की नाही अशी शंका घेता येते, असे त्याच्या ‘इशारात’ या दुसऱ्या ग्रंथात म्हटले आहे, म्हणजे अस्तित्व त्या समजण्यात आलेलेच नव्हते.

सर्वांत अवघड जागा घोडेपणाची. घोडेपण हे केवळ घोडेपण. स्वतःपुरते ते एक नाही, अनेक नाही, मनातले नाही की बाहेरचे नाही. यावरून अस्तित्वाविना असे घोडेपण कुठेतरी तरंगत असते, असे मात्र समजू नये: ते एकतर प्रत्यक्षात किंवा मनात असतेच, फक्त त्याच्या व्याख्येत यांपैकी काही येत नाही. माझ्या मते येथे घाई करणारा पुढचे सगळेच चुकीचे वाचतो, कारण त्याला अस्तित्व हा पांढरेपणासारखा गुण वाटू लागतो. पांढरा असायला घोडा आधी असावा लागतो. मग अस्तित्व यायला आधी काय असणार? अस्तित्वाला असे आगंतुक, म्हणजे सत्त्वाला बाहेरून जोडलेले, मानण्यावर नंतरच्या तत्त्वज्ञांपैकी कोर्दोबाच्या इब्न रुश्दने (११२६–११९८) आक्षेप घेतला; सुहरवर्दीने (मृत्यू ११९१) अस्तित्व ही मनाने केलेली कल्पना ठरवली, आणि १७ व्या शतकात मुल्ला सद्राने उलट अस्तित्वच मूळ मानले.

हे पक्के झाल्यावरच कारणाकडे वळावे. ज्याच्या सत्त्वात अस्तित्व नाही ते ‘मुमकिन’, म्हणजे केवळ शक्य, आणि ते असेल तर दुसऱ्या कशामुळे तरी असते. ही साखळी ज्याच्यापाशी थांबते त्या ‘वाजिब अल-वुजूद’ला, म्हणजे ज्याचे अस्तित्व अनिवार्य आहे त्याला, अस्तित्वाहून वेगळे सत्त्व नसते, असे इब्न सीना मानतो, त्यामुळे घोड्याबाबत विचारलेला ‘ते काय?’ हा प्रश्न तेथे त्याच रीतीने विचारता येत नाही.