नवजात बाळासह थीम पार्कजवळ मुक्काम: खोली निवडताना या चुका टाळा

सोलापुरातून थीम पार्कची सहल ठरली की वाटा दोनच असतात: पुण्यापलीकडे खोपोलीचे इमॅजिका, नाहीतर हैदराबादची रामोजी फिल्म सिटी आणि वंडरला. थोरल्या मुलाला परीक्षेनंतर नेण्याचे कबूल केलेले असते, मधल्या काळात घरात पाळणा हललेला असतो, आणि दूधपित्या बाळाला मागे ठेवता येत नाही म्हणून तेही सोबत निघते. मात्र दर दोन-तीन तासांनी दूध, मग झोप, मध्येच दुपटी बदलणे हा क्रम पार्कच्या वेळापत्रकासाठी थांबत नसल्यामुळे बाळ आणि त्याची आई दिवसाचा बराचसा भाग खोलीतच काढणार असतात. असे असूनही खोली म्हणजे केवळ रात्री पाठ टेकण्याची जागा, असे समजून ती निवडली जाते. बाकीच्या बहुतेक चुका या एका समजातूनच निघतात.

त्याआधी वयाचा प्रश्न आहे. जन्मापासून 28 दिवसांपर्यंतच्या बाळाला वैद्यकीय भाषेत नवजात म्हणतात, आणि सव्वा महिना बाळ-बाळंतिणीने घराबाहेर पडू नये ही आपल्याकडची रीत या काळापुरती तरी शहाणपणाचीच आहे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट इतका ताप आला तरी वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे लागते, आणि परगावी ते अधिक कठीण जाते. त्यामुळे दीड महिन्याची लस झाल्यावर, आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच तारीख धरावी, आणि चार पैसे जास्त गेले तरी ऐनवेळी रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे.

‘पार्कपासून जवळ’ या शब्दांवर विसंबणे

जवळ म्हणजे नेमके किती, हे कागदावरच्या किलोमीटरवरून कळत नाही. इमॅजिकासाठी लोणावळ्यात खोली घेण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तिथे हॉटेले भरपूर आहेत आणि फिरायलाही होते. पण लोणावळा घाटमाथ्यावर आणि इमॅजिका घाटाखाली आहे. बाळाला झोपवण्यासाठी भर दुपारी परतायचे झाले तर घाट चढावा लागतो, आणि शनिवार-रविवारी तिथे वाहने कशी खोळंबतात हे वेगळे सांगायला नको. अशा कुटुंबाने पार्कलगतचे नोव्होटेल किंवा खोपोली परिसरातील मुक्काम पाहावा. भाडे अधिक वाटले तर रात्र एक कमी करावी, पण अंतर वाढवू नये.

हैदराबादच्या बाबतीत चूक निराळ्या प्रकारची होते. रामोजी फिल्म सिटी सोलापूरहून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 65 वरच असल्यामुळे ती वाटेतच लागेल असे वाटते. प्रत्यक्षात ती हैदराबाद ओलांडून विजयवाड्याच्या दिशेला आहे. वंडरला रावीर्याल येथे बाह्यवळण मार्गालगत आहे. शहराच्या मध्यभागी किंवा सिकंदराबाद स्थानकाजवळ स्वस्तात खोली घेतली तर सकाळ-संध्याकाळ शहरातील गर्दी पार करण्यात बाळाचे दोन्ही वेळचे दूध गाडीत होते. रामोजीच्या आवारातच सितारा आणि तारा ही हॉटेले आहेत; पण आवार प्रचंड असून आत बसने फिरावे लागते, म्हणून मधूनच खोलीवर परतण्याची सोय कशी आहे, हे आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे.

खोलीतील हवा, अंथरूण आणि आवाज

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे हॉटेलात शिरताच एसी अठरावर नेण्याची घाई होते. लहान बाळाला हा गारवा सोसत नाही. खोली साधारण 26 अंशांच्या आसपास ठेवावी, झोत बाळाच्या अंगावर येऊ देऊ नये, आणि बाळाला थंडी वाजते की उकडते हे हातापायांवरून न ठरवता छातीला किंवा पोटाला हात लावून पाहावे, कारण तळवे एरवीही गारच असतात. काही हॉटेलांत एसी मध्यवर्ती असतो आणि खोलीतून तो कमी-जास्त करता येत नाही. हा प्रश्न फोनवर विचारणारे फार थोडे असतात. पावसाळ्यात खोपोलीकडे हवा इतकी दमट असते की धुतलेली दुपटी दिवसभर ओलीच राहतात, आणि बंद खोलीत कुबट वास धरतो. तेव्हा उघडता येणारी खिडकी असलेली खोली मागावी, आणि वास आला तर त्यावर सुगंधी फवारा मारून न घेता खोलीच बदलून घ्यावी.

अंथरुणाबाबतची चूक सर्वांत धोक्याची आहे, आणि ती मायेपोटीच होते. हॉटेलच्या मऊ, खोल दबणाऱ्या गादीवर आई-वडिलांच्या मध्ये बाळाला ठेवून दोन्ही बाजूंना उशा रचल्या जातात. त्या उशाच बाळाचा श्वास अडवू शकतात. बाळाने उताणे, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर, आईच्या खोलीतच पण वेगळ्या जागी झोपावे, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस असते. आरक्षण करताना बाळाची खाट मागावी आणि ती मिळेल हे लेखी घ्यावे. ‘आल्यावर बघू’ या उत्तराचा अर्थ बहुधा ‘नाही’ असा असतो. खाट मिळालीच तर तिची गादी कडेपर्यंत बसते ना, मध्ये फट राहत नाही ना, हे दाबून पाहावे. सोलापुरी चादर बरोबर घेतलीच जाणार, तेव्हा एवढे लक्षात असू द्यावे की ती मोठ्यांच्या अंगावर ठीक आहे. बाळावर जाड चादर घालू नये, त्याला झबले आणि पातळ दुपटे पुरते.

आवाजाचा विचार तर हॉटेलवर पोहोचल्यानंतरच सुचतो. पार्कजवळच्या रिसॉर्टांचे निम्मे उत्पन्न लग्नांवर चालत असावे, अशी शंका येण्याइतके तिथल्या लॉनवर सोहळे होतात. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी असली, तरी संध्याकाळी सातला झोपू पाहणाऱ्या बाळाला त्याचा उपयोग नाही. आपल्या तारखेला लॉनवर कार्यक्रम आहे का, हे थेट विचारावे, आणि लिफ्ट व जलतरण तलाव यांपासून दूरची खोली मागावी.

पाणी आणि किटली

केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचे दूध चालू असेल तर पाणी उकळून, ते 70 अंशांखाली जाण्यापूर्वी पावडर मिसळून, मग दूध कोमट करून पाजावे. अडचण आहे ती खोलीतल्या किटलीची. आधीच्या पाहुण्याने त्यात अंडी उकडली की नूडल्स, हे सांगता येत नाही. घरची छोटी किटली, आणि वाटी-चमचा किंवा बाटली उकळण्यासाठी एक पातेले बरोबर न्यावे. ते पातेले उकळून आणून देण्यास हॉटेलचे स्वयंपाकघर सहसा नाही म्हणत नाही.

रात्री उघडे असणारे लहान मुलांचे रुग्णालय कोणते आणि किती लांब, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

पोहोचल्यावर होणारे घोळ

सोलापूरहून पुणे सुमारे 250 किलोमीटर, खोपोली त्याच्याही पुढे, आणि हैदराबाद सुमारे 300. दर दोन तासांनी, म्हणजे टेंभुर्णी, भिगवण किंवा उमरगा, जहीराबाद अशा ठिकाणी गाडी थांबवूनच बाळाला पाजावे. धावत्या गाडीत मांडीवर घेऊन पाजू नये. पहाटे निघणारे कुटुंब दुपारी बाराच्या सुमारास पोहोचते आणि खोली दोननंतर मिळते, तेव्हा दमलेली बाळंतीण लॉबीतल्या सोफ्यावर ताटकळते. लवकर ताबा हवा असे आधीच कळवावे, त्याचे पैसे द्यावे लागले तरी द्यावेत, किंवा खोपोलीला जाताना पहिली रात्र पुण्यात नातेवाइकांकडे काढावी.

किल्ली हातात येताच सामान वर न चढवता आधी एकाने खोली पाहून यावी. मागितलेले मिळाले नसेल तर त्याच वेळी, आरक्षणाचा संदेश दाखवून, खोली बदलण्याचा आग्रह धरावा. पिशव्या उघडल्यानंतर हॉटेलवाल्यांचा आणि आपलाही उत्साह मावळतो.

परतीच्या दिवशी सकाळी अकराला खोली सोडून मग थोरल्याला पार्कमध्ये नेण्याचा बेत आखला, तर बाळाला दिवसभर ठेवायला जागाच उरत नाही. त्या दिवशी अर्ध्या दिवसाचे भाडे देऊन खोली दुपारपर्यंत ठेवून घ्यावी, नाहीतर पार्क आदल्या दिवशीच उरकून सकाळच्या गारव्यात सोलापूरची वाट धरावी.