गणपतीत सह्या, दोन ऑक्टोबरला ठराव : वाडीच्या सुरक्षिततेसाठी सरकारी निधी कसा मागावा

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली गेलं. तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की कोकणात खाडीकाठच्या आणि डोंगरउतारावरच्या वाड्यांत माणसं रात्र जागून काढतात. निधी मागायला गेलं तर 'पैसे नाहीत' हे उत्तर मिळतं, हे खरं. पण कित्येकदा अर्जातच खोट असते. 'आमच्या वाडीला संरक्षण मिळावे' या वाक्याचं अंदाजपत्रक कोणत्याच अभियंत्याला करता येत नाही.

म्हणून आधी एकच काम ठरवा. समजा, खाडीकाठच्या वाडीतून वरच्या शाळेपर्यंत जांभ्याची जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, आहे. ती रुंद करायची, उताराच्या बाजूला लोखंडी रेलिंग लावायचं, वळणांवर सौर दिवे बसवायचे. रात्री पाणी चढलं तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना याच वाटेने वर न्यायचं आहे, हे अर्जाच्या पहिल्या ओळीत आलं पाहिजे.

मग पुरावा जमवा. ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते या वादळांत किंवा नंतरच्या पुरांत तुमच्या वाडीत पंचनामे झाले असतील, तर त्यांच्या प्रती तलाठ्याकडून किंवा तहसील कार्यालयातून मिळवा. सरकारी माणसानेच लिहिलेलं नुकसान सरकारी कार्यालयाला नाकारता येत नाही. सोबत किती घरं, किती वृद्ध, किती लहान मुलं, याचा साधा तक्ता जोडा. फोटो जुलैतलेच हवेत, उन्हाळ्यात काढलेल्या फोटोत खाडी किती निरागस दिसते ते आपल्याला माहीत आहे.

आता जागा. कोकणातले प्रस्ताव इथे अडतात, आणि आमच्या वाडीचा पहिला अर्जही इथेच अडला. पाखाडी पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, पण कागदावर ती खाजगी जमिनीतून जात होती. सातबाऱ्यावर सामाईक नावांची रांग. काहीजण मुंबईला, काही विरारला, काहींना जाऊन वर्षं झालेली आणि वारस नोंद नाही. परत आलेल्या त्या फाइलने आमचं एक अख्खं वर्ष नेलं.

त्यावरून शिकलो ते असं : पाखाडीची नोंद ग्रामपंचायतीच्या २३ नंबरला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, आहे का ते सर्वांत आधी बघा. असेल तर निम्मी लढाई जिंकलात. नसेल तर सहहिस्सेदारांची संमती लागेल. ती साध्या संमतीपत्रावर चालेल की नोंदणीकृत बक्षीसपत्र हवं, हे पंचायत समितीत आधीच विचारून घ्या आणि कागद तयार ठेवा. चाकरमानी गणपतीला गावी येतातच. आरतीनंतर सगळे एकत्र बसलेले असताना विषय काढा. फोनवर सहा महिने न मिळणारी सही तिथे मिळते, कारण ज्या घरासाठी वाट हवी आहे, त्याच घरात ते त्या क्षणी बसलेले असतात.

गणपती गेले की २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते. विषय आधी सात-आठ दिवस लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी संख्या लागते, तेव्हा वाडीतल्या लोकांना न्यायची जबाबदारी तुमची. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेतही विषय मांडा. पोरांना आणि आजारी माणसांना घेऊन ती वाट चढतात त्या बायाच. ठरावात कामाचं नाव, जागा, लांबी आणि पुढची देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करील हे वाक्य हवं. याच सुमारास पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होत असतो, त्यात काम चढवून घ्या.

अंदाजपत्रक शासकीय दरसूचीप्रमाणे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे शाखा अभियंता करतात. ठेकेदाराचं कोटेशन इथे चालत नाही.

मग प्रश्न, अर्ज कोणत्या दाराशी न्यायचा? छोटं काम असेल तर ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२६ या काळात त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते, म्हणून असं काम उरलेल्या अबंधित भागातच बसायचं. मोठं असेल तर जिल्हा वार्षिक योजना. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, तर सदस्य-सचिव जिल्हाधिकारी असतात, आणि पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण जानेवारीत ठरतो, त्यामुळे प्रस्ताव दिवाळीनंतर लगेच पोचायला हवा. आमदार आणि खासदारांचा स्थानिक विकास निधीही आहे, खासदारांना वर्षाला ५ कोटी मिळतात. त्यांच्या शिफारशीचं पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात जातं, मंजुरी तिथून होते. दरडीचा उतार बांधण्यासारखं मोठं काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे मांडा, राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी त्याच कामांसाठी आहे. धूप प्रतिबंधक बंधारा मात्र महाराष्ट्र सागरी मंडळाचा विषय. काम समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल (खाडीला हे अंतर कमी असतं), तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमांखालची, परवानगी लागते का हे अर्जाआधीच विचारा, नाहीतर मंजूर झालेलं कामही पडून राहतं.

अर्ज दिला की आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. दर पंधरवड्याला तो क्रमांक सांगून विचारा : तांत्रिक मान्यता झाली का, प्रशासकीय मान्यता कुठे अडली? उत्तरच मिळेना तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवी मंजुरी थांबते, म्हणून तारखांवर डोळा ठेवा.

आणि काम झालं की अंतिम बिल निघायच्या आधी, एखाद्या अंधाऱ्या रात्री, वाडीतल्या एखाद्या आजीचा हात धरून ती पाखाडी चढून बघा. तिचा हात रेलिंगपर्यंत पोचत नसेल, वळणावर उजेड पडत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी उपअभियंत्यांना लेखी कळवा.