डॉक्युमेंटरी पद्धतीचे लग्नाचे फोटो हवेत? मग ही तयारी आधी करा

‘इकडे बघा, जरा हसा, आता एकमेकांकडे बघा’ हे दिवसभर ऐकावं लागू नये, अशी इच्छा बोलून दाखवणारी जोडपी आता वरचेवर भेटतात. आपण आपल्या माणसांत मिसळावं, लग्न मनापासून अनुभवावं आणि फोटोग्राफरनं जे घडेल ते टिपावं, एवढंच त्यांचं मागणं असतं. यालाच डॉक्युमेंटरी पद्धत म्हणतात. मला ते अगदी रास्त वाटतं. पोज देण्यात गेलेले तास शेवटी जवळच्या माणसांच्या वाट्यातूनच कापले जातात. आणि काही वर्षांनी अल्बम उघडला की नजर आधी कुठे जाते, तर मागच्या रांगेत कोणाच्या तरी कानात काहीतरी सांगणाऱ्या आजीकडे.

पण पोज नाही म्हणजे तयारीही नाही, असं समजू नका. पोज देऊन फोटो काढताना उजेड, जागा आणि वेळ हे सगळं फोटोग्राफर जागच्या जागी जुळवून आणतो. डॉक्युमेंटरी पद्धतीत तो कशालाच हात लावत नाही. त्यामुळे या तिन्ही गोष्टी तुम्हालाच आधी जमवून ठेवाव्या लागतात.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो फोटोग्राफर निवडायला. सोशल मीडियावरचे वेचक फोटो बघून ठरवू नका. ते दहा वेगवेगळ्या लग्नांतले दहा नशीबवान क्षण असू शकतात. एखाद्या जोडप्याला दिलेले एका लग्नाचे सगळेच्या सगळे फोटो, त्यांच्या परवानगीनं, दाखवायला सांगा. त्यातलं एखादं लग्न कमी उजेडाच्या हॉलमधलं असेल तर फारच चांगलं. बघताना एक गोष्ट तपासा: एका चौकटीत किती काही घडतंय? पुढे नवरी हसतेय आणि तिच्या खांद्यामागे वडील तोंड फिरवून चष्मा पुसतायत, असे फोटो पुन्हा पुन्हा दिसले तर तो माणूस खरोखर बघत उभा होता. नुसते चेहरेच चेहरे आणि मागे सगळं धूसर असेल, तर ते बहुतेक लांबून, मोठ्या लेन्सनं टिपलेले असतात. देखणे दिसतात, पण त्यांत लग्न कमी आणि चेहरा जास्त असतो. या पद्धतीत काम करणारे बरेच जण 28 किंवा 35 मिमीच्या, म्हणजे आजूबाजूचं बरंच काही चौकटीत घेणाऱ्या लेन्सवर काम करतात, म्हणून ते तुमच्यापासून दोन-चार पावलांवर असतात. इतक्या जवळ दिवसभर वावरणारा माणूस तुम्हाला मनापासून आवडला पाहिजे. म्हणून पैशांचं बोलणं झाल्यावर थांबू नका, तासभर सोबत बसून गप्पा मारा. त्याच्यासमोर तुम्ही आखडून बसत असाल तर काम कितीही सुरेख असलं तरी दुसरा शोधा.

करारात काय हवं ते पटकन सांगते. प्रत्यक्ष कोण येणार, किती तास थांबणार, दुसरा फोटोग्राफर असणार का, फोटो किती आठवड्यांत मिळणार, कॅमेरा एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर फोटो साठवतो का. तुमचे फोटो तो जाहिरातीसाठी वापरणार का, हेही लेखी घ्या. हक्क कोणाचे याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत.

आता घरच्यांशी बोलणं. हे काम बरेच जण टाळतात आणि मग लग्नाच्या दिवशी ताण येतो. आईवडिलांना सगळे नातेवाईक ओळीत उभे, सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे, असा फोटो हवा असतो, आणि त्यात काही चूक नाही. तोही दस्तऐवजच आहे: त्या दिवशी कोण कोण हयात होतं, कोण आलं होतं, याचा. त्यामुळे ‘आम्हाला ग्रुप फोटो नकोत’ असं म्हणू नका. आठ-दहा गटांची यादी करा, प्रत्येकी तीन मिनिटं धरा आणि विधी आटोपल्यावर लगेच, माणसं पांगायच्या आत, ते उरकून टाका. यादी फोटोग्राफरच्या हातात देऊन उपयोग नाही, त्याला तुमचा काका कोण हे कुठून कळणार? दोन्हीकडची माणसं ओळखणारी, खणखणीत आवाजाची एक व्यक्ती नेमा. अर्ध्या तासात काम फत्ते होतं आणि उरलेला दिवस मोकळा राहतो. यादी वीस-पंचवीस गटांवर गेली तर मात्र डॉक्युमेंटरीचा नाद सोडा, कारण वेळच उरणार नाही.

फोटोग्राफरला खरंतर वेगळाच एक कागद द्यायचा असतो, माणसांचा. ‘असा फोटो हवा, तसा फोटो हवा’ अशी यादी दिली की तो दिवसभर त्या यादीवर खुणा करत बसतो आणि डोळ्यासमोरचं निसटतं. त्याऐवजी लिहा: कोण कोणाचा लाडका, कोण चटकन हळवं होतं, कोण किती वर्षांनी भेटणार आहे, कोणाची तब्येत नाजूक आहे. दोघी बहिणी बोलत नसतील तर तेही लिहा. परदेशातून मोठा भाऊ येणार आहे एवढं ठाऊक असलं की दार उघडायच्या आधीच फोटोग्राफर योग्य जागी जाऊन उभा राहतो. ठाऊक नसलं तर त्याला फक्त एक माणूस बॅग घेऊन आत येताना दिसतो.

उजेडाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे थोडक्या कष्टात फार फरक पडतो. तयार व्हायची खोली निवडताना आकारापेक्षा खिडकी बघा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. खिडकीतला दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्विनचा, निळसर. पिवळे दिवे 2700 ते 3000 केल्विनचे. कॅमेऱ्यात रंगांचा तोल यांपैकी एकासाठीच साधता येतो. दोन्ही एकदम चालू असले की एक गाल निळा आणि दुसरा नारिंगी येतो, आणि नंतर संगणकावर तो नीट सावरता येत नाही. म्हणून मेकअप खिडकीजवळ, उजेड तिरका चेहऱ्यावर पडेल असा करायला सांगा आणि शक्य असेल तर खोलीतले दिवे बंद करा. सगळी खोली आवरायची गरज नाही. पसरलेले दागिने, उघडी बॅग, अर्धवट प्यायलेला चहा हे त्या सकाळचं खरं रूप आहे. खिडकीभोवतीची प्लॅस्टिकची पिशवी आणि चार्जरच्या वायरी तेवढ्या बाजूला सारा.

सजावटवाल्यांशीही उजेडाचं बोलून घ्या. लाल, जांभळे, निळे एलईडी थेट चेहऱ्यावर पडले तर त्वचेचा मूळ रंगच फोटोत उरत नाही. रंगीत दिवे भिंतींवर खुशाल सोडा, विधीच्या वेळी चेहऱ्यांवर मात्र पांढरा उजेड ठेवा. अजून एक बारीक गोष्ट: काही एलईडी डोळ्यांना न जाणवेल अशा वेगानं लुकलुकतात आणि आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर त्यांचे आडवे पट्टे उमटतात. फोटोग्राफरला आदल्या दिवशी, दिवे लावलेले असताना, जागा बघू द्या; पाच मिनिटांत त्याला अंदाज येतो. व्हिडिओवाले वेगळे असतील तर दोघांची आधी गाठ घालून द्या. व्हिडिओचा प्रखर दिवा तोंडावर आला की माणसं डोळे बारीक करतात आणि नैसर्गिक असं काही उरत नाही.

वेळापत्रकात प्रत्येक मोठ्या टप्प्यानंतर वीस मिनिटं रिकामी ठेवा. उशीर झाला तर ती कामाला येतात, झाला नाही तर त्याच वीस मिनिटांत मैत्रिणी येऊन मिठ्या मारतात, पोरं पळापळी करतात, कोणीतरी शूज काढून बसतं. तुम्ही कुठून आत येणार, कुठून बाहेर पडणार, हेही आधी सांगून ठेवा. 1996 मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा जॉन केनेडी ज्युनिअर आणि कॅरोलिन बेसेट यांचं लग्न अमेरिकेतल्या कंबरलंड बेटावरच्या एका चिमुकल्या प्रार्थनास्थळात झालं. बाहेर पडताना त्यानं तिचा हात ओठांशी नेला आणि लग्नाचे छायाचित्रकार डेनिस रेगी यांनी टिपलेलं ते छायाचित्र जगभर गेलं. ते मिळालं कारण छायाचित्रकार दोघांच्या मागून चालत नव्हता, समोर होता. वाट ठाऊक असणं इतकं मोलाचं असतं.

पाहुण्यांच्या मोबाइलचंही ठरवा. मुख्य विधीच्या वेळी पुढच्या रांगेतून दहा हात वर गेले की फोटोत तुमच्या माणसांचे चेहरे दिसतच नाहीत, स्क्रीन दिसतात. विधी सुरू होण्याआधी घरातल्याच कोणीतरी विनंती करावी आणि फोटो सगळ्यांना पाठवू असा शब्द द्यावा. प्रेमानं सांगितलं तर लोक ऐकतात.

त्या दिवशी तुमच्याकडे काम थोडंच. नवरदेवानं खिशातला फोन आणि किल्ल्या कोणाकडे तरी सोपवाव्यात, नवरीनं मनगटावरचा केसांचा रबर काढावा. कॅमेऱ्याकडे नजर गेली तर बिघडत नाही, पण ‘दाखव ना कसा आलाय’ म्हणून थांबू नका. तेवढ्यात पुढचा क्षण जातो. रडू आलं तर येऊ द्या. आणि केलेलं काही पुन्हा करून दाखवू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

नंतरची तयारी बहुतेक जण विसरतात. फोटो आल्याबरोबर दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा आणि तिसरी प्रत घराबाहेर ठेवा, दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. अल्बमसाठी दोघांनी आपापली निवड वेगळी करावी, मग जुळवून बघावी. क्रम घडल्याप्रमाणे ठेवा आणि एका पानावर सहा-सहा फोटो कोंबू नका. महिन्याभरात घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसा आणि फोटोंत कोण कोण आहे ती नावं फाइलला जोडून लिहून ठेवा. लांबच्या नातेवाइकांची नावं त्यांनाच माहीत असतात.